संगणकाला आपली भाषा कशी कळते?

बँकेच्या एटीएम यंत्रात कार्ड सरकवले की महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पडद्यावर आधी भाषेचा प्रश्न येतो : मराठी, हिंदी की इंग्रजी? ग्राहक बटण दाबतो आणि पुढचा व्यवहार त्या भाषेत पार पडतो. संगणक, मोबाइल आणि संकेतस्थळे मात्र दर वेळी असे विचारीत बसत नाहीत. वापरणाऱ्याची भाषा कोणती, हे ती काही खुणांवरून स्वतःच ठरवतात. ही खूण चुकली तर मराठी भाषांतर तयार असूनही ते मराठी माणसापर्यंत पोहोचत नाही. खूण बरोबर असूनही भाषांतर कच्चे असेल, तर वाचणारा कंटाळून पुन्हा इंग्रजीकडे वळतो. पडद्यावर मराठी दिसण्यासाठी या दोन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. त्या कशा जुळतात आणि कुठे बिघडतात, याची ही माहिती.

सॉफ्टवेअरच्या जगात या कामाचे दोन भाग मानले जातात. कोणत्याही भाषेला सामावून घेता येईल अशा रीतीने आज्ञावली लिहिणे म्हणजे आंतरराष्ट्रीयीकरण. ती प्रत्यक्षात एखाद्या भाषेत आणणे म्हणजे स्थानिकीकरण. या दोन्हींसाठी तंत्रज्ञ ‘आय-एटीन-एन’ आणि ‘एल-टेन-एन’ अशी संक्षिप्त रूपे वापरतात. मूळ इंग्रजी शब्दांच्या पहिल्या व शेवटच्या अक्षरांमध्ये अनुक्रमे १८ आणि १० अक्षरे येतात, म्हणून ही नावे पडली.

आधी अक्षरे

भाषांतराच्या आधी अक्षरांचा प्रश्न होता. देवनागरी मजकूर पूर्वी विशिष्ट फॉन्टला जखडलेला असे. एका फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. मराठी वृत्तपत्रांचे संकेतस्थळ वाचण्यासाठी आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धत तयार झाली आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या प्रणालीत युनिकोड देवनागरीची सोय आली. तिच्यासोबत मिळणारा ‘मंगल’ हा फॉन्ट नामवंत अक्षरतज्ज्ञ र. कृ. जोशी यांनी घडवला होता. तरीही मराठीच्या काही गरजा राहून गेल्या होत्या. ‘ॲप’ किंवा ‘ॲसिड’ यांतील ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. अक्षरांचा पाया घातला गेल्यानंतरच पडद्यावरील सूचना मराठीत आणण्याला खरा अर्थ आला.

मजकूर वेगळा, आज्ञावली वेगळी

सॉफ्टवेअरचे भाषांतर पुस्तकाच्या भाषांतरासारखे नसते. पडद्यावरील ‘जतन करा’, ‘रद्द करा’, ‘पासवर्ड चुकीचा आहे’ अशी वाक्ये आज्ञावलीत जागोजागी विखुरलेली असतात. ती तेथेच बदलायची तर प्रत्येक भाषेसाठी वेगळी आज्ञावली सांभाळावी लागेल. म्हणून सगळा दृश्य मजकूर बाहेर काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. आज्ञावली चालू असताना ती योग्य भाषेची फाइल शोधते आणि तेथून वाक्य उचलते.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये या कामासाठी ‘गेटटेक्स्ट’ ही पद्धत रूढ आहे. तिची ग्नू प्रकल्पाने तयार केलेली आवृत्ती १९९५ मध्ये आली. तिच्या फाइलमध्ये मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली भाषांतर अशा जोड्या असतात. एखाद्या वाक्याचे भाषांतर झालेले नसेल तर मूळ इंग्रजी वाक्य तसेच दाखवले जाते. अर्धवट भाषांतरित सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणि इंग्रजीची सरमिसळ दिसते, तिचे कारण हेच. ॲन्ड्रॉइडमध्ये तत्त्व तेच असले तरी रचना निराळी आहे. तेथे प्रत्येक भाषेसाठी वेगळा फोल्डर असतो आणि त्याच्या नावात भाषेचा संकेत असतो.

या जोड्यांमध्ये एक धोका दडलेला असतो. भाषांतरकाराला सुटा शब्द दिसतो, तो कुठल्या पडद्यावर येणार हे दिसत नाही. ‘बुक’ हा शब्द ग्रंथालयाच्या ॲपमध्ये ‘पुस्तक’ होईल आणि प्रवासाच्या ॲपमध्ये ‘आरक्षण करा’. ‘ओपन’ म्हणजे ‘उघडा’ ही आज्ञा की दुकान ‘उघडे आहे’ ही माहिती? ‘ऑर्डर’ला तर क्रम, आदेश आणि मागणी असे तीन अर्थ आहेत. म्हणून चांगल्या पद्धतींमध्ये प्रत्येक वाक्यासोबत संदर्भाची टीप देण्याची सोय असते. आज्ञावली लिहिणाऱ्याने ती टीप लिहिलीच नाही, तर भाषांतरकाराला अंदाजाने काम करावे लागते.

मराठी व्याकरणाची कसोटी

खरी अडचण येते ती रिकाम्या जागा असलेल्या वाक्यांत. ‘अमुक फाइल पुसली’ या वाक्यात ‘अमुक’च्या जागी संगणक आयत्या वेळी नाव भरतो. इंग्रजीत क्रियापद बदलत नाही, त्यामुळे एकच साचा सर्वत्र चालतो. मराठीत मात्र फोल्डर पुसला जातो, फाइल पुसली जाते आणि छायाचित्र पुसले जाते. तीन लिंगांसाठी एकच साचा ठेवला, तर तीनपैकी दोन वेळा वाक्य चुकते.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. मराठीत विभक्तिप्रत्यय नामाला जोडून येतो आणि जोडताना बहुधा नामाचे रूप बदलतो. सातारा, पण साताऱ्याला. पुणे, पण पुण्याला. नागपूर, पण नागपुरात. ‘रिकामी जागा’ आणि पुढे ‘ला’ असा साचा केला की पडद्यावर ‘सातारा ला’ असे दिसते. वाचणाऱ्याला अर्थ कळतो. पण ही भाषा आपल्यासाठी लिहिलेली नाही, हेही त्याला कळते.

तिसरी बाब शब्दक्रमाची. ‘पेज टू ऑफ फाइव्ह’ याचे मराठी ‘५ पैकी पान २’ असे होते, म्हणजे आकड्यांचा क्रम उलटतो. आज्ञावलीने दोन्ही आकडे ठरावीक क्रमाने भरायचे ठरवले असेल, तर मराठी वाचकाला ‘२ पैकी पान ५’ असे चमत्कारिक वाक्य वाचावे लागते. यावर उपाय म्हणजे रिकाम्या जागांना क्रमांक देणे. मग भाषांतरकार त्यांची मांडणी आपल्या भाषेप्रमाणे बदलू शकतो.

चौथी बाब वचनाची. मराठीत एक संदेश ‘येतो’ आणि दोन संदेश ‘येतात’. एक फाइल ‘निवडली’ जाते आणि दोन फायली ‘निवडल्या’ जातात. इंग्रजीत वाक्य तयार करून शेवटी कंसात अनेकवचनाचे अक्षर जोडण्याची सवय असलेल्या आज्ञावलीकाराला हे सुचत नाही. जगातील भाषांचे नियमही एकसारखे नाहीत. जपानीला एकच रूप पुरते, तर अरबीला सहा रूपे लागतात. म्हणून गेटटेक्स्टमध्ये प्रत्येक भाषेच्या वचनाचा नियम वेगळा नोंदवतात.

या अडचणींतून भाषांतरकारांनी वाटा काढल्या आहेत. व्यक्तीच्या नावापुढे ‘यांनी’, ‘यांना’ किंवा ‘यांचे’ लावले की नावाचे रूप बदलत नाही, स्त्री की पुरुष हा प्रश्नही पुष्कळदा टळतो आणि आदरही राखला जातो. गावाच्या नावापुढे ‘येथे’ चालते. ‘सातारा मध्ये जतन केले’ असे लिहिण्यापेक्षा ‘जतन केल्याचे ठिकाण : सातारा’ असे लिहिले की वाक्य निर्दोष होते. तथापि ही सगळी पळवाटांची भाषा आहे आणि तिने प्रत्येक वेळी काम भागत नाही. भाषांतरकाराला लिंग, वचन आणि रूप यांनुसार वेगवेगळी वाक्ये देता यावीत, यासाठी मोझिलाने ‘फ्लुएंट’ ही पद्धत विकसित केली. तिच्या लेखनपद्धतीची १.० ही आवृत्ती २०१९ मध्ये आली. मूळ इंग्रजी वाक्य एकच असले तरी भाषांतरकार आपल्या भाषेपुरते त्याचे अनेक प्रकार तयार करू शकतो, हे तिचे वैशिष्ट्य.

शब्द कोणते घ्यावेत?

‘संगणक’ आणि ‘संकेतस्थळ’ हे शब्द मराठीत रुळले. ‘माऊस’ला पर्यायी शब्द शोधण्याची गरज कुणाला फारशी वाटली नाही. फाइलसाठी ‘धारिका’ हा शब्द सुचवला गेला, पण बोलण्यात फाइलच राहिली. पडद्यावरील भाषेने शुद्धतेकडे झुकावे की बोलीकडे, हा वाद जुना आहे. व्यवहारात एक कसोटी उपयोगी पडते. बटण दाबण्यापूर्वी वाचणाऱ्याला मनात त्या शब्दाचे पुन्हा इंग्रजी करावे लागत असेल, तर तो शब्द त्या जागी योग्य नाही. याहून मोठा दोष म्हणजे एकाच क्रियेला तीन ठिकाणी तीन शब्द असणे. एका पडद्यावर ‘जतन करा’, दुसऱ्यावर ‘साठवा’ आणि तिसऱ्यावर ‘सुरक्षित करा’ असेल, तर या तीन वेगवेगळ्या सोयी आहेत असा वाचणाऱ्याचा समज होतो. हा गोंधळ टाळण्यासाठी ‘फ्युएल’ या प्रकल्पात नेहमी लागणाऱ्या शब्दांच्या भाषावार याद्या तयार करण्यात आल्या.

संबोधनाचाही विचार करावा लागतो. ‘तू’ म्हणणे अनोळखी माणसाशी शोभत नाही. ‘आपण’मध्ये आदर आहे, पण त्यातून ‘आपण सगळे’ असाही अर्थ निघतो. म्हणून ‘तुम्ही’ आणि ‘करा’, ‘निवडा’, ‘पाठवा’ अशी रूपे बहुतेक ठिकाणी स्वीकारली जातात.

भाषा ओळखण्याची रीत

आता दुसरा भाग. भाषांतर तयार आहे. ते कुणाला दाखवायचे?

यासाठी प्रत्येक भाषेला ठरावीक संकेत असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार मराठीचा संकेत ‘एमआर’ असा दोन रोमन अक्षरांचा आहे. त्यापुढे देशाचा संकेत जोडला की ‘एमआर-आयएन’, म्हणजे भारतातील मराठी, असे पूर्ण नाव तयार होते. इंटरनेटवरील या नावांचे नियम प्रथम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००९ मध्ये त्यांना सध्याचे स्वरूप आले. गरज पडल्यास त्यात लिपीही नोंदवता येते. गोव्यात कोंकणी देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. तेथे केवळ भाषेचा संकेत पुरत नाही, लिपीही सांगावी लागते.

भाषेचा आणि देशाचा संकेत यांची गल्लत करू नये. ‘एमआर’ हीच दोन अक्षरे देशांच्या यादीत आफ्रिकेतील मॉरिटानियासाठी आहेत. भाषा निवडण्याच्या यादीत राष्ट्रध्वजांची चित्रे लावू नयेत, असे जाणकार सांगतात ते अशाच कारणांनी. ध्वज देशाचा असतो, भाषेचा नव्हे.

वापरणाऱ्याची पसंती संगणकाला अनेक ठिकाणांहून कळते. लिनक्स प्रणालीत काही ठरावीक चलांमध्ये ती नोंदलेली असते. संदेशांची भाषा, तारखेची पद्धत, चलन आणि वर्णक्रम या गोष्टी तेथे वेगवेगळ्या ठरवता येतात. विंडोजमध्येही पडद्यावरील मजकुराची भाषा आणि तारीख-आकड्यांची पद्धत या दोन निरनिराळ्या नोंदी आहेत. अनेक आज्ञावलीकार येथेच चुकतात. तारखेची पद्धत ‘इंग्रजी (भारत)’ अशी दिसली की ते पडद्यावरील भाषाही इंग्रजी धरून चालतात. कीबोर्डचेही तसेच आहे. मराठी कीबोर्ड बसवला म्हणजे लिहिण्याची सोय झाली. त्यामुळे मेनू मराठी होत नाहीत. त्यासाठी भाषेची नोंद स्वतंत्रपणे बदलावी लागते.

संकेतस्थळांची रीत आणखी निराळी. आपण एखादे पान मागवतो तेव्हा ब्राउझर त्या मागणीसोबत आपल्या पसंतीच्या भाषांची यादी पाठवतो. यादीतील भाषांना ० ते १ यांदरम्यान वजन दिलेले असते. ‘मराठी हवी, नसेल तर हिंदी, तीही नसेल तर इंग्रजी’ असा निरोप प्रत्येक मागणीबरोबर जातो. संकेतस्थळाने तो वाचला, तर काही न विचारता योग्य पान देता येते. ब्राउझर बसवताना भाषा इंग्रजी असेल आणि ती कुणी बदलली नसेल, तर हा निरोपही इंग्रजीचाच जातो.

ठिकाण म्हणजे भाषा नव्हे

काही संकेतस्थळे या निरोपाकडे लक्ष न देता संगणकाच्या इंटरनेट पत्त्यावरून ठिकाण शोधतात आणि त्या ठिकाणची म्हणून एक भाषा ठरवून टाकतात. ही पद्धत सोपी आहे, पण मराठीच्या बाबतीत ती हमखास फसते. बेळगावातील मराठी वाचकाला ती कानडी पान देईल, बडोद्यातील वाचकाला गुजराती आणि इंदूरच्या वाचकाला हिंदी. उलट मुंबईत राहणाऱ्या तमिळ माणसाला मराठी पान मिळेल. माणूस कुठे बसला आहे एवढेच पत्ता सांगतो. तो काय वाचतो हे त्यावरून कळत नाही.

परदेशातील मराठी माणसांच्या वाट्याला याचाच दुसरा प्रकार येतो. अमेरिकेत राहणाऱ्याने भाषा मराठी आणि देश अमेरिका असे ठरवले, तर त्याचा संकेत ‘एमआर-यूएस’ असा होतो. आज्ञावली फक्त ‘एमआर-आयएन’ शोधत असेल, तर तिला जुळणी सापडत नाही आणि ती इंग्रजीकडे वळते. खरे तर अशा वेळी देशाचा भाग सोडून नुसत्या ‘एमआर’चा शोध घ्यावा, असा शिरस्ता आहे. मराठीचे एकच भाषांतर असेल, तर ते दोन्ही देशांत चालण्यासारखे आहे.

मराठी नसेल तर पुढे काय, हाही पसंतीचाच भाग आहे. पूर्वी ॲन्ड्रॉइडमध्ये एकच भाषा निवडता येई. ती ॲपमध्ये नसली की बहुधा थेट इंग्रजी समोर येई. २०१४ च्या ५.० या आवृत्तीत मराठीचा समावेश झाला. २०१६ च्या ७.० या आवृत्तीपासून भाषांची क्रमवार यादी देता येऊ लागली. २०२२ च्या १३ व्या आवृत्तीत प्रत्येक ॲपसाठी वेगळी भाषा ठेवण्याची सोय आली. ॲपलच्या आयफोनमध्ये ॲपनिहाय भाषा निवडण्याची सोय २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे.

या सगळ्यातून एक योग्य क्रम निघतो. वापरणाऱ्याने स्वतः केलेली निवड सर्वांत वर. त्यानंतर त्याच्या उपकरणाची किंवा ब्राउझरची यादी. ठिकाण अगदी शेवटी, तेही केवळ सुचवण्यापुरते. अंदाज कितीही चांगला असला तरी भाषा बदलण्याचे बटण सहज सापडले पाहिजे. त्या यादीत ‘मराठी’ हे नाव देवनागरीतच असले पाहिजे. चुकून परक्या भाषेत अडकलेल्या माणसाला त्या पडद्यावर ओळखता येणारा तोच एक शब्द असतो.

खुणेचे इतर उपयोग

भाषेची नोंद केवळ मेनूंसाठी नसते. अक्षरांची घडणही तिच्यावर अवलंबून असते. मराठीतील पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हिंदीत रूढ असलेल्या आकारांहून निराळे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात हेच आकार स्वीकारले आहेत. युनिकोडमध्ये दोन्ही आकारांचा संकेत एकच आहे. मजकूर मराठी असल्याची नोंद असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल, तरच मराठी वळणाचे अक्षर उमटते.

वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या शेजारी आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नावांची यादी मराठी क्रमाने लावायची, तर संगणकाला भाषा ठाऊक हवी. अंकांबाबत, भाषावार माहितीच्या युनिकोड संघटनेच्या जागतिक संग्रहात मराठीसाठी देवनागरी अंक मूळ पद्धत म्हणून नोंदले आहेत, तर हिंदीसाठी रोमन वळणाचे.

सर्वांत महत्त्वाचा उपयोग दृष्टिहीन वाचकांना होतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर पानावरील भाषेच्या नोंदीवरून उच्चार ठरवू शकतात. नोंद नसेल किंवा हिंदीची असेल, तर मराठी मजकूर हिंदी उच्चारांत ऐकावा लागण्याची शक्यता असते. लिपी एकच असल्यामुळे केवळ अक्षरांवरून मराठी आणि हिंदी वेगळ्या करता येत नाहीत. ‘आहे’, ‘आणि’ यांसारखे शब्द सापडले तर अंदाज बांधता येतो, पण दोन-तीन शब्दांच्या सूचनेत तो चुकतो.

न दिसणारी मोजदाद

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८.३० कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि या संख्येत ती देशात तिसऱ्या क्रमांकावर आहे. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याच्या समोर मात्र जनगणना नसते, वापराची आकडेवारी असते. त्या आकडेवारीत फोनची भाषा ‘इंग्रजी (भारत)’ अशी असलेला प्रत्येक माणूस इंग्रजीत मोजला जातो, घरी तो कोणतीही भाषा बोलत असो. मराठीत पाहणारे कमी दिसले की मराठी भाषांतरावर खर्च होत नाही. भाषांतर कच्चे राहिले की लोक इंग्रजीकडे जातात आणि आकडा आणखी घटतो. याचा फटका इंग्रजी येणाऱ्याला बसत नाही. ज्याला वीजबिल भरताना किंवा औषधाची वेळ लावताना इंग्रजी सूचना उलगडत नाही, त्याला बसतो. त्याच्यासाठी भाषा बदलून द्यायला घरात दुसरे कुणी असेलच असे नाही.

म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. फोनच्या आणि संगणकाच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘भाषा’ हा विभाग असतो. तेथील यादीत मराठी सर्वांत वर ठेवावी आणि त्याखाली आपल्याला येणाऱ्या इतर भाषा लावाव्यात. ब्राउझरमध्येही हीच यादी वेगळी तपासावी. मराठी पूर्ण वेळ नको असेल, तर निदान यादीत ती असावी. दुसरे म्हणजे, चुकीचे वाक्य दिसले तर ते कळवावे. फायरफॉक्सचे भाषांतर ‘पाँटून’ या मंचावर होते, विकिपीडियाच्या पडद्यावरील मजकुराचे ‘ट्रान्सलेटविकी’वर आणि वर्डप्रेसचे त्याच्या स्वतःच्या भाषांतर संकेतस्थळावर. या तिन्ही ठिकाणी कुणालाही नोंदणी करून सुधारणा सुचवता येते. ‘सातारा ला’ हे ‘सातारा येथे’ असे करण्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. मराठी नीट येणे पुरेसे आहे.